आधीच निघालेलं

मी केबल ओढली, आणि पलीकडून कुणीतरी ती परत ओढली!

दचकून मी हात सोडला. जुन्या चित्रपटांच्या संग्रहालयात, सगळ्यात वरच्या मजल्यावर, माझ्या मशीनच्या मागे गुडघ्यांवर बसून मी वायरींचा गुंता सोडवत होते. ही करडी केबल कुठे जोडलेली दिसेना, म्हटलं जुनी असेल, काढून टाकू. आणि ती तर… जिवंत निघाली! मी पुन्हा हळूच ओढली. तिकडूनही हळूच ओढ आली. मी दोन झटके दिले, तर दोन झटके परत.

शहाण्या बाईने सोडून दिलं असतं. पण मला एक खोड आहे. कुठल्याही गोष्टीचं दुसरं टोक कुठे आहे हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. केबल भिंतीतून जिन्यात उतरत होती. तिच्यावर हात ठेवून मीही उतरत गेले. आणि मधल्या वळणावर, खालून, अगदी तसाच केबलवर हात ठेवून एक माणूस वर येत होता.

ऐन उन्हाळ्यात, अंगात जाड स्वेटर!

"तुम्ही ओढत होतात?" मी विचारलं.

"हो. आणि तुम्हीही?" तो म्हणाला. "मला वाटलं, बिनकामाची आहे."

"मलाही."

"बरं झालं, दोघांना एकाच वेळी वाटलं. नाहीतर एकाने कापली असती." तो हसला. हसताना त्याची एक भुवई दुसरीपेक्षा जास्त वर जायची, जणू तिलाच विनोद आधी कळला. मग त्याचं लक्ष माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे गेलं. "अच्छा… म्हणजे साठवणवाल्या तुम्ही."

"म्हणजे स्कॅनरवाले तुम्ही," मी म्हटलं. दोघांचंही हसू जरा आखडलं.

कारण आम्ही एकमेकांचे शत्रू होतो. त्याच्या कंपनीचा स्कॅनर तळघरात बसून जुनी रिळं वाचायचा, एकेक फ्रेम, आणि ती चित्रं भन्नाट वेगाने वर पाठवायचा. आमच्या कंपनीचं मशीन ती साठवून ठेवायचं. पण प्रत्येक रिळात मधेच काही फ्रेमा गायब! त्याचे साहेब म्हणत, दोष आमच्यात. आमचे म्हणत, त्यांच्यात. आम्हा दोघांना पाठवलं होतं ते दुसऱ्याचा दोष सिद्ध करायला.

संग्रहालयाच्या मुख्य बाईंनी त्याच संध्याकाळी दोघांना समोर उभं करून सुनावलं, "माझ्या कपाटात एक रीळ आहे. सगळ्यात जुनं. ते फक्त एकदाच फिरेल, पुन्हा हात लावला तर भुगा होईल. तुमचं भांडण मिटेपर्यंत मी ते बाहेर काढणार नाही. समजलं?"

आम्ही शाळेतल्यासारख्या माना हलवल्या.

मजल्यामजल्यांमध्ये एक जुना तारेचा फोन होता. दुसऱ्या दिवसापासून तो सतत वाजू लागला.

"हॅलो, तळघर?"

"बोला, गच्ची."

"मी गच्चीवर नाही. वरच्या मजल्यावर आहे."

"इथून सगळं सारखंच उंच वाटतं."

"कामाचं बोला. माझं मशीन 'थांब' म्हणतं, तुमचं थांबत का नाही?"

"थांबतं की. ऐकल्या ऐकल्या थांबतं. तुमचंच पुटपुटत असेल, मॅडम."

भांडण होतं ते या 'थांब'वरून. माझ्या मशीनमध्ये एक छोटी मेमरी असते, तिला बफर म्हणतात. बादलीच समजा. नळ म्हणजे स्कॅनर. बादलीत चित्रं पडतात, तिथून ती डिस्कवर उतरवली जातात. डिस्क कधीकधी रेंगाळते, बादली भरत जाते, आणि काठाला आली की माझं मशीन खाली निरोप पाठवतं: थांब. नळ बंद. जागा झाली की: चालू. इतकं सोपं! माझ्या टेबलावर दोन्ही मशिनं शेजारी ठेवून, हातभर केबल लावून मी हे शंभरदा तपासलं होतं. एक थेंब सांडला नव्हता.

मग इथेच का सांडत होतं?

मला झोप लागेना. खरं सांगायचं तर मला तशीही नीट झोप लागत नाही. मला एक मुलगी आहे, चार वर्षांची. तिला आम्ही मनी म्हणतो. मनीचा बाबा वेगळा राहतो. तो "रविवारी येतो" म्हणायचा, आणि मनी खिडकीत पुतळ्यासारखी बसून राहायची. दूध तिथेच, चित्रं काढणं तिथेच. तो यायचा नाही. संध्याकाळी मी तिला उचलून आत आणायचे, तेव्हा तिच्या गालावर खिडकीच्या गजाचा वळ असायचा. तेव्हापासून मी मनाशी एक ठरवून टाकलंय: माझ्या मुलीला पुन्हा कुणाचीही वाट बघायला लावायची नाही. म्हणून घरात नवं माणूस नाही. कुणीच नाही.

आणि मग पाळणाघरात कांजिण्यांची साथ आली, पाळणाघर बंद झालं, माझी आई नेमकी मावशीकडे गेलेली, आणि मला मनीला कामावर न्यावं लागलं.

सकाळभर ती माझ्या टेबलाखाली शहाण्यासारखी बसली. दुपारी बघते तर नाही! मी जिना उतरत धावले. ती तळघरात होती. त्याचा स्वेटर घालून, तो तिच्या पावलांपर्यंत आला होता. आणि तो स्वतः नुसत्या शर्टात कुडकुडत तिच्या प्रश्नांना उत्तरं देत होता.

"इथे थंडी का आहे?"

"फिल्मला उकाडा सोसत नाही म्हणून."

"का?"

"म्हातारी झालीय ती. कुजायला लागते."

"तुला वास का येतो?"

"तो तिचाच. कुजली की असा आंबूस वास सुटतो, व्हिनेगरसारखा. आता माझ्याही अंगाला लागलाय."

"मग तू पण कुजतोयस?"

तो थांबला. गंभीरपणे स्वतःचा हात हुंगला. "माहीत नाही," तो म्हणाला. "बघूया?"

मी दारातच उभी राहिले. मोठी माणसं मनीला "गप गं" म्हणतात, किंवा काहीतरी ठोकून देतात. 'माहीत नाही, बघूया' असं तिला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. आणि मला… मलाही कुणी म्हटलं नव्हतं, बहुतेक. व्हिनेगरचा वास ही काही प्रेमात पडायची चीज नव्हे. पण त्या दिवसापासून स्वयंपाकघरातली व्हिनेगरची बाटली उघडली की मी उगाचच थांबायचे.

मनीची एक चप्पल तळघरात राहिली. रविवारी तो ती द्यायला घरी आला. पुढच्या रविवारी चप्पल नव्हती, तरी आला. तिसऱ्या वेळी कारण विचारायचं मला सुचलंच नाही.

"माणूस बरा दिसतो गं," आई म्हणाली. "कप स्वतः विसळतो."

"आई, शत्रूपक्षाचा आहे तो."

"तुझा बाबाही होता. लग्नानंतर कळलं." आई हसली आणि पुढे म्हणाली, "मनीला दिव्याच्या बटणापर्यंत हात पोचत नाही, हे तू कधी पाहिलंस? त्याने पाहिलं. ती दर वेळी अंधारात उभी राहून हाका मारते म्हणाला."

मी पाहिलं नव्हतं. मी, जी ताप नसताना दिवसातून चारदा तिचं कपाळ चाचपते!

सगळं छान चाललं होतं. आणि मग एका शनिवारी मी कामावरून आले, तर मनी खिडकीत. कपाळ गजाला टेकवून.

"काय करतेयस?"

"तळघरकाका कधी येणार?"

"उद्या, बाळा."

"उद्या कधी येणार?"

तीच खिडकी. तोच गज.

सोमवारी मी फोन उचलला. "एक बोलायचं होतं. कामाचं नाही."

"बोला ना." त्याचा आवाज आनंदला होता, तेच वाईट.

"घरी येत जाऊ नका. म्हणजे… मनीला सवय होतेय. आणि तुम्ही एक दिवस जाणार. हे इथेच थांबवू या."

मग तो म्हणाला, "बरं."

बरं! नुसतं बरं? मी रात्रभर वाक्यं जुळवली होती, त्याच्या प्रत्येक मुद्द्याला उत्तर तयार होतं, आणि हा माणूस एकही मुद्दा मांडत नाही? मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मी फोन आपटला आणि दिवसभर कुणाशी धड बोलले नाही.

त्याने शब्द पाळला. रविवारी आला नाही. फोनवर फक्त कामाचं. "गच्ची" नाही, "मॅडम" नाही, "हॅलो, तळघरातून बोलतोय," एवढंच. आणि मग गुरुवारी दाराची बेल वाजली. दारात एक सुतार, हातात छोटंसं लाकडी स्टूल. दोन पायऱ्यांचं, कडा गोल घासलेल्या.

"साहेबांनी सांगितलंय. बेबीला दिव्याच्या बटणापर्यंत पोचायला."

मनी आनंदाने किंचाळली, वर चढली आणि घरातला दिवा लावला, मालवला, लावला, मालवला. आईने माझ्याकडे पाहिलं. मी नजर चुकवली. दुसऱ्या दिवशी सुतार पुन्हा हजर! "पायांना रबर बसवायचं राहिलं होतं. घसरायला नको, साहेब म्हणाले होते."

आता मात्र माझं डोकं फिरलं. कामावर पोचल्या पोचल्या मी फोन फिरवला.

"मी तुम्हाला थांबा म्हटलं होतं ना?"

"हो. मी थांबलो."

"मग हे काय चाललंय? काल स्टूल, आज रबर! उद्या काय येणार आहे, कपाट?"

"मॅडम, मी थांबलो होतो," तो शांतपणे म्हणाला. "तुम्ही सांगितलंत त्याच क्षणी. पण स्टूल मी त्याच्या आदल्या आठवड्यात सांगितलं होतं. ते आधीच निघालं होतं. वाटेत असलेलं मी परत कसं बोलावू?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं… आणि तसंच राहिलं.

"हॅलो? रडताय का?"

"गप्प बसा. नाही, बोला. पुन्हा म्हणा."

"काय?"

"आत्ता म्हणालात ते."

"वाटेत असलेलं परत कसं—"

"तुमचं मशीन थांबतं," मी ओरडले. "लगेच थांबतं! आणि माझंही वेळेवर 'थांब' म्हणतं! कुणीच खोटं बोलत नाहीये! पण माझा 'थांब' खाली पोचेपर्यंत तुम्ही पाठवतच असता. आणि पोचल्यावरही, जे केबलमध्ये आहे ते येतच राहतं. माझ्या टेबलावर हातभर केबल होती. इथे अख्खी इमारत आहे, मधे सिग्नल बदलणारे दोन डबे आहेत, तेही आपापला वेळ खातात!"

"एवढासा तर वेळ. डोळ्याची पापणी लवायच्या आत…"

"या वेगाला पापणी लवणं म्हणजे अख्खी दुपार झाली!"

मग हळूच, "म्हणजे तुम्ही बादली काठोकाठ भरल्यावर 'थांब' म्हणता."

"मेमरी वाया जाऊ नये म्हणून."

"आणि वाटेत असलेल्याला जागाच उरत नाही." तो पुढे म्हणाला, "इतकं जपणाऱ्या तुम्ही, आणि थांबा म्हणता ते अगदी काठावर आल्यावर."

तो कशाबद्दल बोलत होता, मी विचारलं नाही. माझे कान तापले होते.

त्या आठवड्यात आम्ही वेड्यासारखं काम केलं. तो खालून चित्रं सोडायचा, बादली भरत यायची, 'थांब' जायचा, आणि त्यानंतर किती सांडतं ते आम्ही हाताने सगळं बंद करून मोजायचो. पुन्हा भरायचं, पुन्हा थांबवायचं, पुन्हा मोजायचं. मी 'थांब'ची रेघ काठापासून खाली, आणखी खाली आणली. शेवटी एकही फ्रेम सांडेना. उशिरा पोचणाऱ्यांसाठी वर पुरेशी जागा राहिली. बाईंनी कपाटाची किल्ली काढली.

जुनं रीळ लावायच्या सकाळी तो वर आला. स्वेटर हातावर. बऱ्याच दिवसांनी मी त्याला समोरून पाहत होते, जरा वाळल्यासारखा वाटला.

"तुम्हाला सांगायचं होतं," तो म्हणाला. "हे झालं की माझं इथलं काम संपतं. ऑफिसने विचारलंय, इथे देखभालीला राहणार की पुढच्या शहरात जाणार. आज सांगायचंय."

"अच्छा," मी म्हटलं.

तो आणखी काही ऐकायला उभा राहिला. मी स्क्रीनकडे बघत राहिले. तो खाली गेला. पायऱ्यांवरचा आवाज संपेपर्यंत मी मोठ्या धीराने एक स्क्रू घट्ट करत होते, जो आधीच घट्ट होता.

रीळ फिरू लागलं. बाई माझ्या खुर्चीमागे उभ्या, हात जुळवून. स्क्रीनवर नदीचा घाट, एक नाव, काठावर माणसं. बादली भरत आली, 'थांब' गेला, वाटेतल्या फ्रेमा येऊन आपल्या जागी बसल्या. एकही नाही सांडली! बाईंनी माझा खांदा दाबला.

पण मग… पुढे काही येईना.

पडद्यावर नावेतली एक बाई मान वळवता वळवता थांबली होती. ओठ अर्धे उघडे. काहीतरी बोलायच्या बेतात.

"हे का थांबलं?" बाई घाबरल्या.

बादली केव्हाच रिकामी झाली होती. माझं मशीन चित्रांची वाट बघत होतं. मी फोन उचलला.

"का थांबलात?"

"तुम्ही थांब म्हणालात."

"ते केव्हाच! आता जागा आहे. सगळं रिकामं पडलंय इथे!"

"मला खालून कसं दिसणार?" तो म्हणाला. "मला 'चालू' आलेलंच नाही."

मी डोळे मिटले. आठवडाभर आमचा सगळा जीव थांबण्यात होता. कधी थांबायचं, किती आधी थांबायचं. दर वेळी आम्ही हाताने बंद करायचो, हाताने सुरू करायचो. 'थांब'ची रेघ मी खाली आणली, 'चालू'ची तशीच वर राहिली. बादली त्या रेघेवर चढून मग खाली उतरली तरच 'चालू' जातो; आता ती तिथपर्यंत भरतच नव्हती, मग निरोप कसा जाणार? मी इकडे वाट बघत, तो तिकडे वाट बघत. दोघं अगदी शहाणी. कुणाची चूक नाही, आणि तरी जन्मभर असंच चाललं असतं.

"रीळ बरं आहे ना?" मी विचारलं.

"बरं आहे. स्कॅनरचा दिवा थंड आहे. थोडा वेळ थांबेल ते."

"आणि तुम्ही?"

"आपण रिळाबद्दल बोलतोय ना?" तो सावकाश म्हणाला.

"त्या दिवशी तुम्ही नुसतं 'बरं' का म्हणालात? भांडला का नाहीत?"

"तुमचा आवाज कापत होता. कापऱ्या आवाजात कुणी थांब म्हटलं की वाद घालायचा नसतो, थांबायचं असतं." मग म्हणाला, "पण रोज फोन वाजला की वाटायचं…"

"काय?"

"की आज तरी दुसरं काही सांगाल."

"मी चहा सांगून येते," बाई म्हणाल्या, पण जागच्या हलल्या नाहीत.

"मला भीती वाटते," मी म्हटलं. बाई ऐकत होत्या, ऐकू देत. "माझी नाही वाटत. तिची वाटते. ती खिडकीत बसते."

"माहीत आहे मला."

"तुम्ही उशिरा आलात तर?"

"येईन कधीकधी उशिरा. बस चुकेल, काम निघेल. कधीच उशीर होणार नाही असं मी नाही म्हणणार, ते खोटं होईल. पण उशीर होणार असेल तर तिला आधी सांगेन. तुम्हाला नाही, तिला. तिच्याशी फोनवर बोलून."

मनीच्या बाबाने कधीच उशीर होणार नाही अशा शपथा घेतल्या होत्या. हे मात्र पहिल्यांदाच ऐकत होते.

मी 'चालू'ची रेघ खाली ओढली. बोट बटणावर ठेवलं. "ऐकताय?"

"ऐकतोय."

"चालू," मी म्हटलं. "आणि… नका जाऊ ना दुसरीकडे."

पडद्यावरच्या बाईने मान पूर्ण वळवली, आणि ती हसली. काय बोलली ते कुणालाच ऐकू येणार नव्हतं, पण तिच्या समोर कोण असेल, असं मला पहिल्यांदाच वाटून गेलं. शेवटपर्यंत एकही फ्रेम गळली नाही. बाईंनी पदराने डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, "आता जा की खाली, माझं रीळ संपलंय."

मी जिना उतरले. तो तळघराच्या दारात होता, फोनचा रिसीव्हर अजून हातात, त्याची तार ताणलेली.

"ऑफिसला कळवलंस?" मी विचारलं.

'कळवलंस.' आम्ही दोघांनीही ते ऐकलं. त्याची एक भुवई वर गेली.

"कळवलं. राहतोय." मग जरा चाचरत, "रविवारी… येऊ?"

"नको."

त्याचा चेहरा उतरला. इतका, की मला लगेच बोलावं लागलं. "रविवार लांब आहे. पाळणाघर आत्ता सुटेल. चल ना, दोघं जाऊन तिला घेऊन येऊ. तिला खिडकीत बसायला वेळच देऊ नये म्हणते मी."

बाहेर ऊन कलतं होतं. त्याने स्वेटर काढून खांद्यावर टाकला. चालताना आमचे हात एकदा लागले, दोघांनीही बाजूला घेतले नाहीत. फाटकाशी पोचलो तेव्हा मुलं नुकतीच बाहेर सुटली होती. मनीने आधी मला पाहिलं, मग त्याला. धावली नाही. दप्तराचा पट्टा धरून, डोळे बारीक करून उभी राहिली.

"तू हरवला होतास?"

"नाही." तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "थांबलो होतो."

"का?"

"थांब म्हटलं होतं म्हणून."

"कुणी?"

त्याने काही माझं नाव घेतलं नाही. मीच म्हटलं, "मी."

मनीने माझ्याकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं! मग दप्तर काढून त्याच्या हातात दिलं, माझं बोट धरलं, आणि रस्ता ओलांडायच्या आधी विचारलं, "आई, का?"

"माहीत नव्हतं गं मला," मी म्हटलं. "आता बघूया."